संपर्क झाला

हजेरीबाईंना घाबरायला कधी कारण लागलं नाही. कुलूप लावून चार पायऱ्या उतरल्या की परत वर जाऊन ते ओढून बघायच्या. गॅसचं बटण तीनदा. दारावर अनोळखी थाप पडली की आधी घरातली माणसं मनात मोजायच्या, आणि माणसं तरी किती, तर दोन. एक त्या स्वतः आणि दुसरा नवरा. नवरा निवृत्त पोस्टमन, जिभेने खट्याळ आणि छातीने कमजोर. तो म्हणायचा, "यम हिला न्यायला आला ना, तर ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल, मग घाबरेल."

त्यांची नोकरीही मोजण्याचीच होती. शाळा अर्ध्यात सोडलेल्या पोरापोरींना परत शिकायला बसवणारं एक केंद्र होतं. सोळा ते वीस वयाची मुलं, कुणी दुकानात कामाला, कुणी घरात भावंडांना सांभाळणारी, कुणी नुसतीच रुसलेली. त्यांची पटावरची नावं, हजेरी आणि चाचण्यांचे निकाल, हे सगळं महिन्याच्या शेवटी वरच्या ऑफिसला कळवायचं, हे बाईंचं काम. सलग वीस दिवस जो आला नाही त्याचं नाव कापायचं, हा नियम. एकवीस वर्षं त्या हे करत होत्या आणि खरं नाव तिथे कुणाला आठवतही नव्हतं. सगळे हजेरीबाईच म्हणायचे.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी एका पोरीचं नाव विसाव्या दिवशी लाल पेनाने कापलं. एकविसाव्या दिवशी ती पायाला प्लास्टर घालून कुबडीवर आली. नाव गेलेलं, नवीन प्रवेश बंद झालेला. पोरगी "बरं" म्हणाली आणि निघून गेली, ती परत कधी दिसली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून बाई एकोणिसाव्या दिवशी घरोघरी फोन करायच्या, विनवण्या करायच्या, दरडावायच्या. नाव कापण्याची भीती त्यांच्या अंगात मुरली होती. पुढे जे झालं ते या भीतीमुळेच झालं, आणि चांगल्या मनाने झालं, म्हणून तर जास्त लागलं.

मग ते आजारपण आलं आणि शाळा बंद झाल्या. केंद्रालाही कुलूप लागलं. बाईंनी ते दोनदा ओढून बघितलं, किल्ली मोठ्या बाईंना, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांना दिली, आणि पटाची वही छातीशी धरून घरी आल्या. त्यानंतर अकरा आठवडे त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. नवऱ्याची छाती रात्रंदिवस सुं-सुं करायची. सामान दारात यायचं, ते साबणाने धुऊन आत यायचं. "बटाट्यांची इतकी आंघोळ आयुष्यात झाली नव्हती," असं तो म्हणायचा, पण त्याच्याही डोळ्यांत भीती असायची आणि ती बाईंना दिसायची.

हजेरीच नाही तर पट कसा कळवायचा? वरून नवा नमुना आला. प्रत्येक नावापुढे एक चौकट, वर छापलेलं: संपर्क. महिन्यातून एकदा तरी विद्यार्थ्याशी बोलणं झालं पाहिजे, नुसता निरोप पाठवला तर चालणार नाही, पलीकडून उत्तर यायला हवं. उत्तर आलं की चौकटीत लिहायचं, संपर्क झाला. चौकट रिकामी राहिली तर त्या घरी दोन माणसं जाऊन बघून येणार. मूल सापडलं नाही की नाव गेलं. शिवाय चार महिन्यांची चाचणी फोनवर घ्यायची. गणिताचे सर वेळ ठरवून देणार, मुलाने फोन असा टेकवायचा की हात आणि कागद दोन्ही दिसतील. तीनदा वेळ चुकली की चाचणी बुडाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बाई फोन करायच्या. पटावर चौसष्ट नावं. कुणाचा नंबर बंद, कुणाचा मामा उचलायचा, कुणी म्हणायचं पोरगं झोपलंय. महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा सतरा चौकटी रिकाम्या होत्या. त्या दुपारी त्यांनी सतराही नंबर एका दमात लावायला घेतले. पलीकडून आवाज आला की खूण करायची आणि पुढचा नंबर. घोडा टापा टाकत निघावा तशा त्या निघाल्या होत्या.

त्या सतरांत सव्वाआठ होती. सतरा वर्षांची ही मुलगी. केंद्र आठला उघडायचं आणि ती रोज बरोब्बर सव्वाआठला यायची, कारण त्याआधी आईबरोबर लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायची. सरांनी एकदा वैतागून हाक मारली, "या, सव्वाआठ," आणि तेच नाव पडलं. पोरगी हसली होती. कमी बोलायची, पण गणितात सरांनाच कोड्यात टाकायची.

तिचा फोन लगेच उचलला गेला.

"सव्वाआठ? हजेरीबाई बोलतेय. ऐकू येतंय का?"

"हं."

"ठीक आहेस ना गं? अभ्यास चालू ठेव. चाचणीची वेळ सर कळवतील."

"हं... बाई..."

"चल, ठेवते. बाकीच्यांना लावायचेत."

संपर्क झाला. तारीख घातली. पुढचा नंबर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रक पाठवलं. चौसष्ट पटावर, एकोणसाठ संपर्कात, पाच नाहीत. मोठ्या बाईंनी फोन करून पाठ थोपटली. शहरभरच्या केंद्रांत एवढा मोठा आकडा कुणाचा नव्हता. बाईंनी त्या दिवशी नवऱ्याला दुसऱ्यांदा चहा करून दिला, न मागता.

नऊ दिवसांनी सकाळी गणिताच्या सरांचा फोन आला.

"बाई, सव्वाआठ तिसऱ्यांदा चाचणीला आली नाही. फोन बंद लागतोय. एक तारखेपासून मी लावतोय. तुमचं तर बोलणं झालंय तिच्याशी. काय म्हणाली?"

"झालंय ना," बाई म्हणाल्या. मग थांबल्या.

"काय म्हणाली?"

बाईंनी आठवून बघितलं. स्वतःचं सगळं आठवलं. ठीक आहेस ना, अभ्यास चालू ठेव, सर कळवतील. तिचं काही आठवेना. "हं" आठवलं. मग दुसरं "हं" आठवलं आणि त्याच्या पुढचं "बाई" आठवलं. त्यामागे आणखी एक आवाज होता. फोनची खरखर म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता. तसा आवाज त्या गेले अकरा आठवडे स्वतःच्या घरात ऐकत होत्या, नवऱ्याच्या छातीतून. त्यांना तो ओळखू यायला हवा होता.

"सर," त्या म्हणाल्या, "त्या रिकाम्या चौकटीवाल्या पाच जणांचं काय झालं?"

"सापडले की पाचही. एक तर तापाने पडला होता. ही दोन माणसं गेली म्हणून वेळेवर दवाखान्यात पोचला. बरं झालं चौकट रिकामी राहिली म्हणायचं."

फोन ठेवल्यावर बाईंनी वही उघडली. ज्यांच्यापुढे त्यांनी काही लिहिलं नाही त्यांच्या दारी माणसं गेली. जिच्यापुढे लिहिलं तिच्या दारी कोण जाणार? वरच्या ऑफिसच्या लेखी ती पोरगी सुखरूप होती. एकवीस वर्षं त्या नाव राखायला धडपडल्या, आणि नाव राखता राखता त्यांनी त्या पोरीला कुणी शोधू नये अशी सोय करून ठेवली होती.  

त्यांनी मोठ्या बाईंना फोन लावला. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायची त्यांनाही भीती होती.

"पत्रक वर गेलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "ती खूण आता काढायची तर लेखी द्यावं लागेल की नोंद चुकीची होती. मग त्याआधीचा तिचा संपर्क कधीचा? महिन्याच्या वरचा. गेल्या महिन्याच्या घरभेटी तर आटोपल्या, म्हणजे वीस दिवसांचाच नियम लागणार, नाव गेलंच. आणि तुमच्यावर ठपका येईल तो वेगळा. पुढच्या महिन्यात चौकट रिकामी ठेवा, माणसं जातील."

"पुढच्या महिन्यात?"

"तीन आठवडे तर राहिलेत."

बाईंनी फोन ठेवला. तीन आठवडे. खूण ठेवली तर कुणी जाणार नाही, खूण काढली तर नाव जाईल, आणि दोन्हीकडे कागदी घोडे नाचायला वेळ लागणारच. तोवर त्या खोलीत काय होतंय, किंवा काय होऊन गेलंय, हे बघायला फक्त एकच माणूस होतं, आणि ते माणूस कुलूपसुद्धा दोनदा ओढून बघणारं होतं.

नवरा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"पत्ता वाच," तो म्हणाला.

"अहो, तुमची छाती..."

"माझी छाती इथेच राहणारेय. पत्ता वाच."

त्यांनी वहीतून वाचला. त्याने डोळे मिटले. चौतीस वर्षं पत्रं वाटलेला माणूस तो.

"लाकडाच्या वखारीमागची गल्ली. पुढच्या जिन्याने जाऊ नकोस, तो पहिल्या मजल्यावर संपतो. मागे नळाजवळ दुसरा जिना आहे, अरुंद. तिसरा मजला, डावीकडे. आणि हे बघ, परत आलीस की मागच्या खोलीत राहा, पंधरा दिवस. दाराशी ताट ठेवीन मी. माझ्या हातचं खाण्याची शिक्षा तुला पुरे आहे."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी तोंडाला रुमाल लावला, गाठ त्यानेच मारली.

रस्ते रिकामे होते. बंद दुकानांच्या पत्र्यांवर धूळ बसली होती. एक माणूस समोरून आला, दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघेही रस्त्याच्या दोन कडांना सरकले. बाईंना प्रत्येक पावलाला परत फिरावंसं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. जिना खरंच नळाजवळ होता. कठड्याला हात लावायची हिंमत होईना आणि न लावता चढवेना, म्हणून पदर गुंडाळून त्यांनी कठडा धरला. तिसऱ्या मजल्यावर डावीकडच्या दाराला कुणीतरी कागद चिकटवला होता: आत आजारी. येऊ नये. दाराबाहेर एक रिकामी पाण्याची कळशी आणि पावाचं रिकामं पुडकं.

समोरचं दार बोटभर उघडलं. "तुम्ही दवाखान्याच्या का?" एका बाईचा आवाज.

"शाळेतली आहे."

"आईला नेऊन दहा-एक दिवस झाले. पोरीला ताप होता. मी पाणी-पाव ठेवते, लांबूनच. माझ्याही घरात लहान लेकरू आहे हो." ती रडवेली झाली होती. "काल ठेवलेला पाव तिने घेतला. आज अजून आवाज नाही."

दार मिटलं. बाईंनी कडी वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो वेळा नावं पुकारली होती, आणि उत्तर आलं नाही तर पुढच्या नावावर गेल्या होत्या. आता पुढचं नाव नव्हतं.

"सव्वाआठ," त्यांनी हाक मारली. "अगं सव्वाआठ, मी आलेय. हजेरीबाई."

आत काहीतरी सरकलं. मग दारामागे, अगदी खालून, म्हणजे ती जमिनीवर बसली असणार, आवाज आला.

"दार उघडत नाही बाई. तुम्हाला होईल."

बाई दाराशी खालीच बसल्या. रुमाल ओला झाला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ताप आहे का?"

"परवापासून नाही. पाय लटपटतात. बाई, आईचं काही कळलं का?"

"कुठल्या दवाखान्यात नेलीय?"

"माहीत नाही. आई कामावर का येत नाही बघायला लॉन्ड्रीची गाडी आली, तिच्यातून नेलं. ड्रायव्हरकाका परत आले आणि खालूनच ओरडून म्हणाले, मोठ्या दवाखान्यात जागा नव्हती, दुसरीकडे दाखल केलीय. मी विचारेपर्यंत गाडी गेली. फोन तिच्याबरोबर गेला."

बाईंना गप्प बसता आलं असतं. पोरीला काही ठाऊक नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते खोटं नाही.

"मी फोन केला होता तुला," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरीला."

"हो."

"तेव्हा आई...?"



"माझ्या मांडीवर होती. श्वास घेता येत नव्हता तिला. आमच्या फोनमधून फोन करता येत नव्हता बाई, रिचार्ज संपलेलं, दुकान बंद. फक्त आलेला घेता यायचा. मदतीचा नंबर तेवढा फुकट लागायचा, तो दोन दिवस नुसता वाजत होता. शेजारी दार उघडत नव्हते. आणि तुमचा फोन आला. मला वाटलं, आलं कुणीतरी." ती थांबली. "मला रडू येत होतं म्हणून पटकन बोलता आलं नाही. मग तुम्ही ठेवलात. मी फोन हातात धरून बसले, तुम्ही परत कराल म्हणून. गाडी दुसऱ्या दिवशी आली."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांना वाटलं, उठावं आणि त्या अरुंद जिन्याने खाली पळत सुटावं.

त्या उठल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी फोन काढला. फोनवर माणूस शोधणं, एवढंच एक काम त्यांना जन्मात नीट येत होतं. नवऱ्याला विचारून शहरातल्या दवाखान्यांचे नंबर घेतले. पहिल्या दवाखान्यात त्या नावाचं कुणी नव्हतं. दुसरा चाळीस मिनिटं लागला नाही. तिसऱ्याने नाव विचारलं, वय विचारलं, आणि म्हणाला, थांबा.

बाईंनी फोनचा आवाज मोठा केला आणि तो दाराच्या फटीशी धरला. पलीकडे चाकांचा आवाज, कुणाच्यातरी चपला, मग काहीच नाही. पाच मिनिटं. दहा. दोघी दाराच्या दोन बाजूंना बसून त्या शांततेकडे कान लावून होत्या. बाईंचा हात भरून आला, त्यांनी तो खाली घेतला नाही. मनात एकच चाललं होतं, हिला आता काय ऐकावं लागणार आहे, आणि ते माझ्या हातातल्या फोनमधून.

"हॅलो," एक नर्स बोलली. दमलेली वाटली. "आहेत त्या. नळी लावलीय अजून, पण कालपासून बऱ्या आहेत. तुम्ही कोण?"

दारामागे पोरीचा हुंदका फुटला.

"मुलीच्या शाळेतली," बाई म्हणाल्या. "मुलगी इथेच आहे, ऐकतेय."

"अच्छा, ती मुलगी. आल्यापासून सारखं तिचंच विचारायच्या, घरी एकटी आहे, घरी एकटी आहे. त्यांचा फोन तर बंद पडलेला. त्यांच्याकडे शाळेच्या वरच्या ऑफिसचा नंबर होता, तिथे आम्ही फोन केला. तिथल्या माणसाने पत्रक बघून सांगितलं की मुलीशी बोलणं झालंय, ती ठीक आहे. ते सांगितल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा झोपल्या बघा. फार काळजी घेता तुम्ही लोक मुलांची."

बाईंनी तोंडावरचा रुमाल दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"बाई," दारामागून पोरीने विचारलं, फोन चालू होता तरी हळू, "म्हणजे माझं नाव अजून आहे ना पटावर? चाचणी चुकली माझी."

संध्याकाळपर्यंत बऱ्याच गोष्टी झाल्या. नर्सने मायलेकींचं दोन मिनिटं बोलणं करून दिलं. बाईंच्या फोनवरच्या ओरडण्याने म्हणा की रडण्याने, आरोग्यखात्याची दोन माणसं आली, पोरीला तपासलं, औषध दिलं. समोरच्या बाईने दार पूर्ण उघडून गरम जेवण दाराशी ठेवलं. हजेरीबाईंनी आपला फोन पुसून त्या जेवणाशेजारी ठेवला आणि सांगितलं, रोज सकाळी सव्वाआठला मी नवऱ्याच्या फोनवरून करीन, आणि तू ठेवल्याशिवाय मी ठेवणार नाही.

मागच्या खोलीत, बंद दाराआड, त्यांनी दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचं पत्रक लिहिलं. पोरीचं नाव जाईल हे त्यांनी तिला दारातूनच सांगितलं होतं. "परत घ्याल ना?" तिने विचारलं होतं. घेईन म्हणायला बाईंची जीभ धजावली नव्हती. नवीन प्रवेश कधी उघडणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ती खूण तशीच ठेवणं आता त्यांच्याच्याने होईना. बाहेर नवरा ताट ठेवून दारावर टकटक करून गेला. लाल पेन एकवीस वर्षांत त्यांनी क्वचितच उघडलं होतं, ते आधी कागदावर फिरवून चालू करावं लागलं.

चार दिवसांनी वरून पत्रक परत आलं. चुकीच्या नोंदीचं कारण नमुन्यात बसत नाही, असा शेरा होता. नंबर चुकीचा, दुसऱ्याने उचलला, नजरचूक, या तिन्हींपैकी एकावर खूण करावी. बाईंनी तिन्ही चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि पहिल्यांदा लिहिलेली तीच ओळ खाली पुन्हा लिहिली: फोन लागला होता, मुलगी बोलत होती, मी ठेवला.